नुसतं ‘हो’ न चालणारे रतिलालभाई

रतिलालभाईंनी मोबाइल घेतला त्याला चार वर्षं झाली, पण तो अजून सुरू झालेला नाही. फोन चांगला आहे, पुतण्याने सुरतेहून आणून दिलेला. पहिल्याच दिवशी पडद्यावर बारीक अक्षरांत लांबलचक मजकूर आला आणि खाली ‘मी सहमत आहे’ असं बटण. आपण सगळे ते बटण दाबतो. रतिलालभाईंनी मजकूर वाचायला घेतला. जन्म वकिलीत गेलेला, त्यामुळे शंका आल्या. त्या त्यांनी वहीत उतरवल्या आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. उत्तर आलं नाही. तेव्हापासून फोन स्टीलच्या डब्यात आहे. दर रविवारी ते तो चार्ज करतात, बटण अजून तिथेच आहे ना बघतात आणि झाकण लावतात.

“दाबी टाका ना भाई,” मी एकदा म्हटलं, “सगळं गाव दाबस.”

“सगळं गाव वाचस का?” त्यांनी विचारलं.

माझ्या फोनमध्ये मी काय काय कबूल करून ठेवलंय ते मलाच माहीत नव्हतं.

मी त्यांची शेजारीण, आणि एका अर्थाने त्यांच्या धंद्यातलीच. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकला सगळं माझ्या हाताखालून जातं. रतिलालभाई मला सुनंदाबेन म्हणतात. ते तापीकाठच्या गावातले, गुजर, आमच्यासारखीच अहिराणी बोलणारे. भाऊ केळी आणि कापूस करतात. हे एकटेच शिकून वकील झाले आणि आमच्या गल्लीत दोन खोल्यांत येऊन राहिले. आता साठी ओलांडली आहे. उंच, वाळके, काळा कोट खांद्यावर हिरवट पडलेला, बगलेत कापडी पिशवी. घरी आणखी कोणी नाही.

त्यांना माणसाच्या नुसत्या ‘हो’वर विश्वास नाही. तुम्ही काहीही ‘हो’ म्हणा, पुढचं वाक्य ठरलेलं: “समजनं का? आते तुन्हा शब्दमा सांग.” म्हणजे कळलं का, तर आता तुझ्या शब्दांत सांग. बाररूममध्ये त्यांना ‘समजनं वकील’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ते माहीत आहे.

हा नियम ते स्वतःलाही लावतात. चहावाल्याने “भाई, चाय देऊ का?” विचारलं तर आपण मान हलवतो. रतिलालभाई पातेल्यात डोकावतात, दूध कधी तापवलं ते विचारतात आणि मग म्हणतात, “हां. अर्धी दे. हाई सकायनी पत्ती शे, ते माले दिसी ऱ्हायनं. तरी मी खुशीमा पी ऱ्हायनू.” चहावाला म्हणतो, या माणसाला चहा पाजला की पावती दिल्यासारखं वाटतं.

एकदा बायकोपासून फारकत घ्यायला एक पक्षकार त्यांच्याकडे आला. त्याला त्यांनी सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत फारकतीचे परिणाम समजावले: घर, पोरं, आईवडील, आजारपण, म्हातारपण. दोन वाजता तो माणूस उठला आणि बायकोला साडी घेऊन घरी गेला. असे किती पक्षकार त्यांनी घरी पाठवले असतील. वकिली फार चालली नाही यात नवल नाही.

पण त्यांचा खरा दिवस म्हणजे किरकोळ खटल्यांचा. त्या दिवशी कोर्टाच्या ओट्यावर माणसांची रांग लागते. कोणी पत्ते खेळताना सापडलेला, कोणाची गाडी विनाकागदाची, कोणाकडे मोहाच्या दारूची बाटली. शिपाई रांगेच्या कडेने फिरत सगळ्यांना एकच सांगायचा: आत जा, हो म्हणा, दंड भरा, घरी जा. आणि रांगेच्या शेपटाशी रतिलालभाई उभे. एकेकाला धरून विचारायचे, “बाबा, तू कसानी कबुली दी ऱ्हायना ते तुले माहीत शे का?”

पत्तेवाला एकदा म्हणाला, “हां भाई. पत्ता खेळनू. तीन एक्का व्हतात मन्हा जोडे, तरी हारनू.”

रतिलालभाईंचा चेहरा खुलला. “हाई कबुली शे,” ते म्हणाले, “जाय आत.”

शिपाई त्यांना वैतागलेला असायचा. रांग लांबायची ना.

दशरीबाई आली ती अशाच एका दुपारी. तोरणमाळच्या अलीकडच्या डोंगरातली, पंचेचाळिशीची, विधवा, अंगाने भक्कम, हातांवर भाजल्याचे जुने डाग. बरोबर तिची भाची रंजना. ती नर्स होती, चांगलं मराठी बोलायची. दशरीबाईला डोंगरातली पावरी बोली सोडून काही येत नव्हतं. रतिलालभाई माझ्या दुकानातच बसले होते, कारण तिथे पंखा आहे.

“आत्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते,” रंजना म्हणाली. “नऊ वर्षं झाली. रोजावर होती, आता कायम करणार होते. त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. दाखला मागितला तर त्यावर दारूच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्याचं निघालं. वसतिगृहवाले म्हणतात, असा दाखला असेल तर कायम करता येत नाही. आता रोजावर ठेवायचं की नाही तेही बघतो म्हणतात.”

“शिक्षा झाली हे आत्याबाईंना माहीत नव्हतं?” रतिलालभाईंनी विचारलं.

“आत्याला वाटलं, तिने बाटलीचा कर भरला.”

मला हसू आलं. रतिलालभाई हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

हकिकत अशी होती. दोन वर्षांपूर्वी दशरीबाईच्या भावाकडे इंदल होती, म्हणजे डोंगरातली नवसाची मोठी पूजा. देवाला मोहाची दारू लागतेच. ती बाटली घेऊन भावाच्या गावी निघालेली, वाटेत बाजाराच्या गावी जमादाराने पिशवी तपासली. पुढे कोर्टाची तारीख आली. ती एकटीच आली, रांगेत उभी राहिली, आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली.

“साहेबांनी आत काय विचारलं?” रतिलालभाई म्हणाले.

रंजनाने आत्याला विचारलं. दशरीबाई बराच वेळ बोलली, हातांनी बाटलीची उंचीही दाखवली.

“साहेब मराठीत काहीतरी बोलले,” रंजना म्हणाली. “तिला कळलं नाही. मागून शिपाई ‘हो म्हण, हो म्हण’ करत होता.”

“मग ती हो म्हणाली?”

“नाही.”

“मग काय म्हणाली? तिन्हा शब्दमा सांग.”

“ती म्हणाली, ‘माझी बाटली परत कधी मिळेल? ती देवाची आहे.’”

रतिलालभाईंनी चष्मा काढला, कोटाच्या कडेला पुसला आणि परत घातला. मग त्यांनी वही उघडली आणि दशरीबाईला इशारे द्यायला सुरुवात केली. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध साधं अपील होत नाही. फेरतपासणीचा अर्ज करावा लागेल, त्याचीही मुदत केव्हाच गेली आहे, म्हणून आधी उशीर माफ करून घ्यावा लागेल. अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मंजूर झाला तरी सुटका नाही. कबुली पुसली जाईल आणि खटला पहिल्यापासून चालेल. त्यात पुन्हा शिक्षा होऊ शकते, दंडाऐवजी कैदही होऊ शकते. वसतिगृहातलं आजचं काम आहे तेही जाऊ शकतं. हे सगळं त्यांनी तासभर सांगितलं आणि रंजनाने तासभर पावरीत केलं.

दशरीबाई शेवटी एक वाक्य बोलली. रंजना संकोचली.

“काय म्हनस?” रतिलालभाईंनी विचारलं.

“म्हणते, हा माणूस पोलिसांपेक्षा जास्त घाबरवतो.”

तेव्हा मात्र रतिलालभाई हसले, अगदी दात दिसेपर्यंत. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

“आणखी काय?”

“म्हणते, पण पोलिसांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून यालाच कागद करू दे.”

दशरीबाईचं प्रतिज्ञापत्र मी सात वेळा टाइप केलं. मी ‘धार्मिक विधीसाठी’ लिहिलं, तर रतिलालभाई म्हणाले, बाई असं बोलली नाही, ‘इंदलसाठी’ लिहा. मी ‘मद्याची बाटली’ लिहिलं, ते म्हणाले ‘देवाची बाटली’. प्रत्येक खर्डा रंजना वाचून दाखवायची आणि दशरीबाई ऐकून मान हलवायची. मान हलवली की रतिलालभाई म्हणायचे, “मान नका हलावू. सांगा, काय ऐकं तुम्ही.” सातव्या वेळी दशरीबाईने पूर्ण प्रतिज्ञापत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यात स्वल्पविराम तेवढे नव्हते.

मग जुन्या खटल्याची नक्कल हातात आली. तिच्या कबुलीचा कागद म्हणजे एक छापील नमुना होता. वरच्या मोकळ्या जागेत पेनाने नाव भरलेलं, खाली अंगठा. मजकूर असा: ‘मला माझ्यावरील आरोप वाचून व समजावून सांगण्यात आला. मी तो स्वखुशीने कबूल करतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दया करावी.’

हा मजकूर अर्जात उतरवून घेताना माझा हात ‘करतो’वर थांबला.

“भाई,” मी म्हटलं, “दशरीबाई ‘करतो’ कशी म्हणेल?”

रतिलालभाई उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. वाकून पडद्याकडे बघितलं, मग नकलेकडे बघितलं. मग दुकानाबाहेर गेले, फाटकापर्यंत चालत जाऊन परत आले.

“सुनंदाबेन, मी हाऊ कागद एकवीस वेळा वाचा. माले दिसनं नही.”

“तुम्हीही ‘करतो’च म्हणता ना, म्हणून.”

ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच मान डोलवत राहिले. कबुली आरोपीच्या शक्य तितक्या स्वतःच्या शब्दांत लिहावी असा कायदाच आहे. आता कागदच सांगत होता की हे शब्द दशरीबाईचे नाहीत, कुठल्याच बाईचे नाहीत.

त्यांचा आनंद बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण तो नमुना मी ओळखला होता. तो माझ्याच दुकानात टाइप झालेला. बऱ्याच वर्षांपूर्वी कोर्टातल्या एका कारकुनाने हाताने लिहून आणला, मी टाइप केला आणि गठ्ठाभर प्रती काढून दिल्या. पुढे प्रती संपतील तशा कोर्टवाले नव्या घेऊन जायचे. मी हे रतिलालभाईंना सांगितलं, अगदी हळू.

“हाई तुम्ही प्रतिज्ञापत्रमा लिखी देशात का?” त्यांनी विचारलं.

“देते,” मी म्हटलं.

“आज ‘हां’ नका म्हनू.” त्यांनी वही मिटली. “कोर्टाचं काम तुमच्याकडे येतं. हे लिहून दिलं तर ते येणार नाही. कारकून बोलणार नाहीत. वकीलही दुसऱ्या दुकानात जातील, त्यांना रोज कारकुनांशीच काम असतं. तुम्ही नाही दिलं तरी माझा अर्ज ‘करतो’वर उभा राहतो. घरी जा, यजमानांशी बोला. उद्या सांगा, आणि नाही सांगितलंत तर मी परत विचारणार नाही.”

रात्रभर कशाला, मला भाजी चिरतानाच उत्तर सुचलं होतं. पण त्यांनी उद्या म्हटलं होतं म्हणून उद्यापर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन सरसावलं आणि मी सांगितलं, “तो कागद मी टाइप केला. ‘करतो’ मी लिहिलं. लिहिताना माझ्या मनात बाई आलीच नाही, मी स्वतः बाई असून.”

त्यांनी एक शब्दही न बदलता ते उतरवून घेतलं.

अर्ज नंदुरबारला, जिल्ह्याच्या कोर्टात चालला. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी मागच्या बाकावर रंजना आणि दशरीबाईबरोबर बसले होते. उशीर माफ झाला होता, आता खरा मुद्दा होता. सरकारी वकील तरणेबांड आणि हुशार. ते म्हणाले, “‘करतो’ ही टंकलेखनाची चूक आहे. शिवाय आमच्या भागात बोलीभाषेत बाई आणि पुरुष एकच रूप वापरतात. बाईही ‘मी करस’ म्हणते आणि पुरुषही ‘मी करस’च म्हणतो. त्यामुळे या शब्दावर एवढा भर देण्याचं कारण नाही.”

रतिलालभाई उठले. “माझ्या विद्वान मित्रांची अहिराणी उत्तम आहे. पण मग कागदावर ‘करस’ पाहिजे होतं. आणि दुसरं म्हणजे माझ्या पक्षकाराला अहिराणी येत नाही. मराठी तर नाहीच. त्यांना पावरी येते.”

कोर्टात थोडी हालचाल झाली. मॅडमनी विचारलं, “वकीलसाहेब, तुमचं म्हणणं असं आहे का, की कबुली घेताना नोकरीवर परिणाम होईल हेही दंडाधिकाऱ्यांनी सांगायला हवं होतं? ते सांगितलं नाही म्हणून कबुली रद्द?”

‘हो’ म्हटलं की जिंकलो, असं मला वाटलं.

“नाही, मॅडम,” रतिलालभाई म्हणाले. “असा नियम मला सापडला नाही. माझ्या मते सांगायला हवं. पण माझं मत म्हणजे कायदा नाही.”

सरकारी वकिलांनी हातातली फाइल खाली ठेवली. असा नियम नाही हेच सिद्ध करायला ते तयारी करून आले होते.

“मग तुम्ही इथे कशासाठी आलात?” मॅडमनी विचारलं.

“नोकरीचं सांगितलं नाही, म्हणून नाही आलो. ही बाई बाटली परत मागत होती आणि तिला शिक्षेचं विचारलं जातंय हे तिला कोणी सांगितलं नाही, म्हणून आलो. इशारा थोडा कमी पडला तर चालेल. इथे प्रश्नच पोहोचला नाही.”

नंतर मॅडमनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. मान वर करून मागच्या बाकाकडे बघितलं. मी उठू का बसू करत अर्धी उठले, रंजनाने मला खाली ओढलं.

निकाल काही आठवड्यांनी आला. त्यात मॅडमनी लिहिलं होतं की एखादी सूचना द्यायची राहिली एवढ्याने प्रत्येक कबुली मोडत नाही. आरोपीला आरोप आणि शिक्षा कळली होती का, हे पाहायचं. ज्या भाषेत आरोप सांगितला ती आरोपीला येत नव्हती, तिचं उत्तर तिच्या शब्दांत लिहिलं नाही, आणि जे लिहिलं ते बाईच्या तोंडचं असूच शकत नाही. अशा कागदाला कबुली म्हणता येणार नाही. शिक्षा रद्द, खटला पहिल्यापासून.

“जितनूत?” मी विचारलं.

“अर्धं,” रतिलालभाई म्हणाले. “आते खरी भीती शे.”

आमच्या कोर्टात आता नवे दंडाधिकारी आले होते. तारीख लागली तसे बाररूममधले सगळे रतिलालभाईंना सल्ला द्यायला लागले. बाईला एवढंच शिकवा, ‘गुन्हा कबूल नाही’. तीन शब्द. पोपटसुद्धा म्हणेल.

“मी नही शिकावणार,” रतिलालभाई म्हणाले.

“भाई, ती खरं बोलत बसेल,” एकजण म्हणाला.

“बोलू दे. खटला काय, बचाव काय, ते मी तिला समजावलंय. पण तिच्या तोंडात मी शब्द घातला तर तो छापील कागद आणि मी, फरक काय राहिला?”

बोलले असं, पण त्या दिवशी सकाळी चहावाल्याने विचारलं तेव्हा ते नुसतं “हां” म्हणाले आणि पातेल्यात न बघता चहा पिऊन गेले. चहावाला मला सांगायला दुकानात आला. भाईंना बरं नाही का, म्हणाला.

कोर्टाने दुभाषा म्हणून डोंगरातल्या शाळेचे एक गुरुजी बोलावले होते. साहेबांनी आरोप वाचला, गुरुजींनी पावरीत सांगितला. शिक्षा काय होऊ शकते तेही साहेबांनी सांगितलं. वकील आहे ना विचारलं. मग विचारलं, कबूल आहे का?

दशरीबाई पंधरा मिनिटं बोलली. मोहाची फुलं कोणत्या झाडाची, कधी वेचली, भावाचा नवस कशाचा, कोण कोण जेवायला होतं. गुरुजी रुमालाने मान पुसत सांगत गेले आणि साहेब लिहीत गेले. शेवट असा होता: “बाटली माझी होती. देवाला नेत होते. हा गुन्हा आहे असं मला देवाने सांगितलं नाही आणि सरकारही कधी सांगायला आलं नाही. चोरी मी केली नाही. यात मी कबूल काय करायचं ते तुम्ही सांगा. आणि बाटलीचं काय झालं?”

रतिलालभाईंनी डोळे मिटून घेतले होते. ‘बाटली माझी होती’ हे सगळ्यांनीच ऐकलं होतं.

साहेबांनी लिहिलेलं एकदा वाचून बघितलं. “ही कबुली म्हणून घेता येणार नाही,” ते म्हणाले. “खटला चालेल.”

खटला चालला आणि लवकर संपला. बाटलीत काय होतं ते तपासायला ती कधी पाठवलीच गेली नव्हती. तिचं पुढे काय झालं हे जमादारालाही सांगता येईना. जप्तीचा साक्षीदार पंच म्हणाला, मी कांद्याचं रोप घ्यायला आलो होतो, सही कर म्हटलं म्हणून केली. दशरीबाई सुटली. दाखला स्वच्छ निघाला. कायम करायच्यांची त्या वर्षीची यादी तोवर होऊन गेली होती, पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव आलं. तोवर ती रोजावर भाकरी थापत राहिली. माझ्याकडे कोर्टाचं काम दोनतीन महिने बंद पडलं. मग दुसऱ्या दुकानाचं मशीन कागद खायला लागलं आणि कारकून एकेक करून परत आले. नमुना मात्र परत कोणी छापायला आणला नाही.

कायम झाल्याचा कागद हातात आल्यावर दशरीबाईने आम्हाला जेवायला बोलावलं. थंडीचे दिवस होते. रतिलालभाई, मी आणि रंजना जीपने डोंगरात गेलो. घाटात रतिलालभाई छताजवळची कडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. अंगणात खाट टाकलेली, चुलीवर मक्याची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी. ते शाकाहारी म्हणून मुद्दाम वेगळ्या भांड्यात.

दशरीबाई वाढता वाढता काही बोलली.

“विचारते, तुमच्या घरी भाकरी कोण करतं?” रंजना म्हणाली.

“मीच करस. म्हणजे खिचडी. भाकरी माले ये नही.”

“म्हणते, बायको?”

मला वाटलं ते टाळतील. गल्लीत एवढी वर्षं कोणी हे विचारलं नव्हतं. रतिलालभाईंनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि तिथेच ठेवला.

“ठरेल व्हतं,” ते म्हणाले. मग रंजनाला समजावं म्हणून सावकाश मराठीत बोलायला लागले. “साखरपुडा झाला होता. तिचे वडील हो म्हणाले, मामा हो म्हणाले, काका हो म्हणाले. ती कधी काही बोलली नाही. मी एकदा तिच्या घरी गेलो आणि ओसरीवर तिला एकटीला विचारलं. ती आधी हो म्हणाली. मी म्हटलं, असं नको, तुला काय वाटतं ते सांग. तेव्हा म्हणाली, तिला लग्न नको होतं. तिला शिकायचं होतं, आणि घरात तसं सांगायची सोय नव्हती. मग मी घरी येऊन सांगितलं, मला मुलगी पसंत नाही.”

“तुम्ही सांगितलं?” मी विचारलं.

“तिने सांगितलं असतं तर तिला मारलं असतं. मला काय, शिव्या बसल्या. साखरपुडा मोडणारा म्हणून नाव झालं, परत कोणी पोर दाखवली नाही.”

“ती शिकली?”

“शिक्षिका आहे म्हणतात कुठेतरी, गुजरातकडे. मी कोणाला विचारायला गेलो नाही.”

मी विचारलं, “भाई, खरंच पसंत नव्हती?”

त्यांनी ताटातला तो भिजलेला तुकडा उचलला, परत ठेवला.

“पसंत व्हती, सुनंदाबेन,” ते म्हणाले.

दशरीबाई वाढायची थांबून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. रंजनाने तिला सांगितलं. एवढं सगळं, आणि पावरीत ते एका वाक्यात झालं.

“काय सांगं तिले?” रतिलालभाईंनी विचारलं.

रंजना जरा घाबरली. “मी म्हटलं, यांना एक मुलगी आवडली होती, म्हणून यांनी तिला जाऊ दिलं. चुकलं का?”

रतिलालभाईंनी ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या.

“नही,” ते म्हणाले, “बराबर शे.”

दशरीबाईने वाढायचं भांडं खाली ठेवलं. उठून आत गेली आणि बराच वेळ आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. आम्ही निघालो तेव्हा तिने पळसाच्या पानांत बांधलेलं एक मोठं पुडकं आणून त्यांच्या हातात दिलं. गरम होतं, पानांतून वाफ येत होती. ते काहीतरी बोलायला गेले, तर ती रंजनाकडे वळून दुसरंच काही सांगायला लागली.

उतरताना घाट तोच होता, वळणंही तीच. मी कडी धरून बसले होते, रंजनाही. रतिलालभाईंनी खालपर्यंत एकदाही कडीला हात लावला नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या पुडक्यावर होते.